घामाची साक्ष

वैशाख उतरणीला लागलेला असतो. कोकणात पावसापूर्वीच्या कामांची घाई उडालेली असते. कोणी घराची कौले चाळीत असतो, कोणी अंगणात रचून ठेवलेला लाकूडफाटा पडवीत आणून टाकीत असतो, कोणी पेंढा हलवीत असतो. ही हलवाहलव चालू असताना दगडांच्या नि लाकडांच्या गारव्याला दडून बसलेला विंचू बाहेर पडतो आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात कोणाचा तरी हात वा पाय त्याच्यावर पडतो.

अशा एका संध्याकाळी एकाच वाडीतील दोन मुलांना विंचू चावला आहे, अशी कल्पना करू. पहिला मुलगा पाय घट्ट धरून आकांत करीत आहे. त्याच्या किंकाळ्या ऐकून सारी वाडी गोळा झाली आहे. दुसऱ्या मुलानेही प्रथम थोडा आरडाओरडा केला. परंतु आता तो आईच्या मांडीवर निमूटपणे पडून आहे. त्याला दोनतीन ओकाऱ्या झाल्या. कपाळावर घाम डवरला आहे, अंगातील सदरा भिजून पाठीला चिकटला आहे आणि त्याचा हात हातात घेतला तर तो गार लागतो. "ह्याचा विंचू उतरला हो!" असे म्हणून वडीलधारी माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पहिल्या मुलाकडे धाव घेतात.

वास्तविक जिवाची भीती आहे ती दुसऱ्या मुलाच्या.

हे विधान प्रथमदर्शनी उफराटे वाटेल. वेदना जितकी तीव्र तितके संकट मोठे, असे मनुष्य लहानपणापासून धरून चालतो आणि बहुतेक वेळी त्याचा अनुभवही तसाच असतो. ज्याला फार लागले तो मोठ्याने रडतो, जो गप्प बसला त्याला बरे वाटले. ह्या समजुतीत मुळात चूक अशी काही नाही. परंतु शरीरावर येणारी काही संकटे अशी असतात की, ती वेदनेच्या वाटेने येतच नाहीत. ती येतात घामाच्या, गारठ्याच्या, ओकारीच्या किंवा छातीतील धडधडीच्या वाटेने. ही चिन्हे इतकी नेहमीची, इतकी क्षुल्लक वाटतात की, त्यांना साक्षीला बोलावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ती काय सांगत असतात हे समजण्यासाठी शरीरातील एका मुक्या कारभाऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे.

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, बोलतो, ते आपल्या इच्छेने. परंतु हृदयाने किती ठोके द्यावेत, जेवणानंतर जठरात पाचकरस किती सुटावा, अंधारात डोळ्याची बाहुली किती विस्फारावी, उन्हात किती घाम यावा, ह्यांविषयी आपल्याला कोणी विचारीत नाही. ही कामे झोपेतही अखंड चालू असतात. ती चालविणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्था असे म्हणतात. केंब्रिज येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली ह्यांनी १८९८ साली तिला हे नाव दिले. स्वायत्त म्हणजे आपला कारभार आपणच पाहणारी.

हा कारभार किती बारकाईने चालतो, ह्याचे एकच उदाहरण पुरे आहे. निजलेला मनुष्य उठून उभा राहिला की, त्याच्या अंगातील अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. ते तेथेच राहिले तर मेंदूला रक्त पुरणार नाही व उभा राहिलेला मनुष्य चक्कर येऊन कोसळेल. परंतु तसे होत नाही; कारण रक्तदाब उतरू लागल्याची वार्ता मानेतील व छातीतील मोठ्या रोहिणींकडून मेंदूकडे क्षणार्धात पोहोचते, तेथून स्वायत्त मज्जातंतूंना आज्ञा सुटते, खालच्या भागातील रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाची गती किंचित वाढते आणि रक्त पुन्हा वर चढते. मनुष्य मात्र दाराशी कोण आले आहे हे पाहण्यासाठी केव्हाच चालू लागलेला असतो. आपल्या शरीरात एवढी धावपळ होऊन गेली, ह्याचा त्याला पत्ताही नसतो.

ह्या संस्थेच्या दोन मुख्य शाखा आहेत. एक अनुकंपी आणि दुसरी परानुकंपी. अनुकंपा म्हणजे दया. परंतु अनुकंपी शाखेचे काम मुळीच दयेचे नाही. जुन्या शरीरशास्त्रज्ञांच्या समजुतीप्रमाणे ह्या तंतूंच्या द्वारे एका इंद्रियाचे दुःख दुसऱ्या इंद्रियाला कळत असे, म्हणून हे नाव पडले. समजूत गेली आणि नाव तेवढे मागे राहिले. अनुकंपी शाखा शरीराला संकटासाठी सज्ज करते. अंगावर बैल धावून आला म्हणजे हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, बाहुल्या विस्फारतात, कातडीकडील व पोटाकडील रक्त आखडून स्नायूंकडे वळविले जाते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक वॉल्टर कॅनन ह्यांनी ह्या सज्जतेचा अभ्यास करून १९१५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. लढावे किंवा पळावे, ह्या दोन्हींसाठी शरीर एकच तयारी करते, असे त्यांनी दाखविले. ह्या कामी मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलीन आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथींतून अॅड्रेनलीन ही द्रव्ये स्रवतात. परानुकंपी शाखा ह्याच्या उलट, शांततेच्या वेळची. ती हृदयाची गती आवरते, लाळ व पाचकरस सोडते, आतड्यांना काम करावयास लावते. निरोगी शरीरात ह्या दोघींचे पारडे सतत खालीवर होत असते, परंतु ते कधी जमिनीला टेकत नाही.

विंचवाचे विष नेमके ह्या पारड्यावर घाला घालते.

विंचू हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात व तो कोळ्याचा भाऊबंद आहे. बोलीत विंचू "चावला" असे म्हणतात. खरे पाहता तो शेपटीच्या टोकाशी असलेली नांगी मारतो. महाराष्ट्रात आढळणाऱ्या विंचवांपैकी मोठी काळी इंगळी दिसावयास भयंकर. तिच्या पुढच्या आकड्या जाडजूड असतात. परंतु तिचे विष त्या मानाने सौम्य असते. दोनतीन इंच लांबीचा, तांबूस रंगाचा, बारीक आकड्यांचा विंचू दिसावयास किरकोळ. पण माणसे दगावतात ती त्याच्यामुळे. कोकणात हा तांबडा विंचू पुष्कळ. येथेही डोळ्यांना जे मोठे वाटते ते खरे संकट नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मज्जातंतूमधून संदेश जातो तो एका चिमुकल्या विद्युत्‌लहरीच्या रूपाने. तंतूच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. संदेश आला की ती उघडतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात मिटतात. पाटाच्या पाण्याचे दार उघडून एका वाफ्यापुरते पाणी घ्यावे आणि लगेच ते बंद करावे, तसे हे चालते. तांबड्या विंचवाचे विष ह्या दारांना मिटू देत नाही. मग एक संदेश जाऊन थांबण्याऐवजी तोच तोच संदेश पुनःपुन्हा धावू लागतो आणि स्वायत्त मज्जातंतूंच्या टोकांतून त्यांची द्रव्ये नुसती ओतली जातात. दार तुटलेल्या पाटाने सारा मळा बुडावा, तशी स्थिती होते. वैद्यकात ह्या स्थितीला स्वायत्त संस्थेचे वादळ असेच म्हणतात.

वादळाच्या आरंभी रुग्णाला ओकाऱ्या होतात, तोंडात लाळ सुटते, सर्वांगाला घाम फुटतो. मग अनुकंपी शाखेचा जोर होतो. कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. शरीरातील बारीक रोहिणी सर्वत्र आकसल्यामुळे हृदयाला फार मोठ्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलावे लागते. ते काही काळ झुंजते, नंतर थकते. हृदयाने पुढे न ढकललेले रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, त्यातील द्रव वायुकोशांत झिरपतो, आणि ज्या मुलाचा विंचू उतरला म्हणून घरातील माणसे निर्धास्त झाली होती, तेच मूल काही तासांनी खोकू लागते, त्याला धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. लहान मुलांत हे अधिक घडते. कारण विष तेवढेच, पण ते सामावून घेणारे अंग लहान.

ह्या सर्व काळात नांगी लागली त्या जागी फारशी वेदना नसते. उलट ज्यांना त्या जागी असह्य ठणका लागतो, त्यांच्या शरीरात सहसा हे वादळ उठत नाही. सुदैवाने विंचू चावलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण ह्या दुसऱ्या प्रकारचेच असतात. रात्रभर ठणका सोसला की ते आपोआप बरे होतात. विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकांची कीर्ती खेडोपाडी का टिकून राहिली, ह्याचे उत्तर ह्यात सापडते. जे बरे होणारच होते ते मंत्राने बरे झाले असे ठरत असे. आणि ज्यांच्या वेदना थोड्या वेळात थांबल्या, पण ज्यांचा पुढे मृत्यू ओढवला, त्यांच्याविषयी "विंचू उतरला होता, पण त्याचे आयुष्यच सरले" असे म्हटले जात असे.

आता प्रश्न असा उरतो की, घाम आणि गार हात ही चिन्हे डोळ्यांसमोर असून माणसांना ती दिसली कशी नाहीत? एक कारण अगदी साधे आहे. वैशाखातल्या कोकणात घाम कोणाला येत नाही? दमट हवेत सगळेच निथळत असतात. त्यात एका मुलाचा सदरा भिजला तर त्याचे नवल कोणाला वाटावे? परंतु उकाड्याचा घाम आणि हा घाम ह्यांत एक भेद आहे, व तो कळण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. उकाड्याने घाम येतो तेव्हा अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची असते, म्हणून कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हात ओला असला तरी ऊन लागतो. वादळाचा घाम येतो तेव्हा त्याच रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. म्हणून हात ओला आणि गार लागतो. घाम आणि गारठा ह्या दोन गोष्टी एकाच हातावर एकत्र आल्या की, ती हवेची करणी नव्हे, आतल्या कारभाऱ्याची आहे, हे ओळखावे.

ही ओळख ज्यांनी चिकाटीने करून घेतली त्यांची हकीकत जाणण्यासारखी आहे. १९७६ साली मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. सह्याद्रीच्या पायथ्याचा तो डोंगराळ मुलूख. वाड्यावस्त्या एकमेकींपासून दूर, आणि मोठे रुग्णालय तर त्याहूनही दूर. विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, केंद्रात आणली जात आणि त्यांतील काही डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत. विंचवाच्या दंशाने मनुष्य नेमका कशाने मरतो, ह्याचे समाधानकारक उत्तर त्यांना पाठ्यपुस्तकांत मिळेना. तेव्हा त्यांनी रुग्णांनाच पुस्तक मानले. खाटेशी बसून नाडी मोजावी, रक्तदाब पाहावा, घाम केव्हा आला, ओकारी केव्हा झाली, हात केव्हा गार पडले, धाप केव्हा लागली, ते टिपून ठेवावे, असा त्यांचा क्रम चालू झाला. ह्या कामाला लागणारी साधने म्हणजे घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वही आणि जागरण एवढीच होती. त्यांतील जागरण हे बहुधा सर्वांत महाग.

अशा नोंदी साठत गेल्या तेव्हा त्यांतून एक संगती दिसू लागली. ज्यांना पुढे धाप लागली, त्यांना आधी ओकाऱ्या झाल्या होत्या, दरदरून घाम सुटला होता आणि त्यांचे हातपाय गार पडले होते. म्हणजे ही लक्षणे किरकोळ तक्रारी नसून हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ वर्दी होती. मधल्या काळात बावस्करांनी पुण्यास जाऊन वैद्यकाचे पुढील शिक्षण घेतले. १९८२ साली इंग्लंडमधील 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तांबड्या विंचवाच्या दंशातील ह्या पूर्वचिन्हांविषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. कोकणातील रुग्णांच्या घामाची साक्ष अशा रीतीने जगापुढे नोंदली गेली.

परंतु संकट ओळखणे ही अर्धीच गोष्ट झाली. पूर्वी ह्या रुग्णांवर निरनिराळी औषधे योजून पाहिली जात. त्यांपैकी अॅट्रोपिन ह्या औषधाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. त्याने घाम थांबतो, लाळ आटते, म्हणून ते गुणकारी वाटे. परंतु ते परानुकंपी शाखेचे काम रोखणारे औषध असल्यामुळे अनुकंपी शाखेला मोकळे रान मिळते व हृदयावरचा ताण वाढतो. साक्षीदाराचे तोंड बंद करावे आणि गुन्हा तसाच चालू द्यावा, त्यातला हा प्रकार.

पोलादपूर येथे काम करीत असताना बावस्करांनी निराळी दिशा धरली. रक्तवाहिन्या आकसतात हेच जर अनर्थाचे मूळ असेल, तर त्या सैल केल्या पाहिजेत. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दिली जाणारी प्राझोसिन नावाची एक गोळी त्या वेळी उपलब्ध होती. नॉरअॅड्रेनलीन हे द्रव्य रक्तवाहिनीच्या भिंतीवरील ठरावीक जागी, कुलपात किल्ली बसावी तसे बसते व वाहिनीला आकसावयास लावते. प्राझोसिन त्या कुलपात आधीच जाऊन बसते, मग किल्लीला जागाच उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयापुढचा अडथळा कमी होतो. गोळी स्वस्त आणि तोंडाने देता येण्याजोगी. त्यामुळे जेथे मोठी उपकरणे नाहीत अशा केंद्रातही ती देता येऊ लागली. ह्या उपचाराचा वृत्तान्त १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरांत पंचवीस-तीस, किंवा त्याहूनही अधिक दगावत, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण ह्या उपचारानंतर शंभरात एकाच्या आसपास आले. अर्थात हे घडते ते रुग्ण वेळेवर आला तर. फुप्फुसांत पाणी भरू लागल्यावर गोळी दिली तर तिचे काम फार अवघड होऊन बसते, आणि म्हणूनच घाम आणि गार हात ओळखण्याला एवढे मोल आहे.

ह्या गोळीच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. रक्तवाहिन्या सैल केल्या म्हणजे उभे राहताना त्यांना आकसता येत नाही; रुग्णाला एकदम उठविले किंवा उभे धरून उचलले तर रक्त पायांकडे उतरून तो बेशुद्ध पडण्याचा संभव असतो. म्हणून त्याला आडवेच ठेवतात. निजलेला मनुष्य उठतो तेव्हा शरीरात किती धावपळ होते, हे वर सांगितलेच आहे. ती धावपळ बंद पडली तर काय होईल, ते येथे दिसते.

पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिलसही मिळू लागली. नुसते प्राझोसिन द्यावे की जोडीला मुंबईच्या हाफकिन येथे तयार होणारी प्रतिलसही द्यावी, हे पाहण्यासाठी हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी सत्तर रुग्णांवर तुलनात्मक परीक्षा केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दहा तासांच्या आत घाम, गार हातपाय आदी सर्व लक्षणे नाहीशी झाली, असे रुग्ण दोन्ही औषधे दिलेल्या पस्तिसांमध्ये बत्तीस निघाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या पस्तिसांमध्ये आठ. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री दिली.

विंचवाच्या दंशात स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ घटकेत उठते, म्हणून ते शिकलेल्या डोळ्याला दिसते. ह्याच संस्थेला हळूहळू येणारे दुबळेपण मात्र वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. घरातील मधुमेही आजोबा सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार घेतात. "वय झाले" एवढे म्हणून सगळे गप्प बसतात. कदाचित ते वयाचेच असेल. परंतु मधुमेह अनेक वर्षे टिकला म्हणजे तो ह्या बारीक मज्जातंतूंनाही इजा करतो, आणि मग उभे राहताना रक्त वर चढविण्याचे काम नीट होत नाही. डॉक्टर अशा रुग्णाचा रक्तदाब प्रथम निजवून आणि नंतर उभे करून मोजतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो दोष मानतात. बसलेल्या माणसाचा रक्तदाब एकदाच मोजला तर हे कधीच कळणार नाही. घाम फार येणे ही जशी साक्ष, तशी घाम न येणे हीही साक्षच. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर बोट फिरविले तर आजूबाजूची कातडी ओलसर आणि चट्टा तेवढा कोरडा लागतो. कारण रोगजंतूंनी संवेदनेच्या तंतूंबरोबरच घामाच्या ग्रंथींना आज्ञा देणारे तंतूही निकामी केलेले असतात. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. न दुखणे हेच तेथे रोगाचे लक्षण असते.

विंचवाच्या बाबतीत घरच्या माणसांनी करावयाचे ते थोडेच आहे, पण ते ठाऊक असले पाहिजे. दंश किती वाजता झाला ते लक्षात ठेवावे. त्या जागी कापू नये, रक्त चोखू नये, पाय दोरीने आवळू नये. रुग्णाला निजवून ठेवावे, त्याला धीर द्यावा आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. रडणाऱ्यालाही न्यावे आणि गप्प पडलेल्याला तर आधी न्यावे. वाटेत अधूनमधून त्याचा हात आपल्या हातात घेऊन पाहावा. तो ओला व गार लागला, ओकारी झाली, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुष्कळदा आईला हे ठाऊक असते, परंतु "त्यात काय सांगावयाचे" म्हणून ती सांगत नाही.

दवाखान्यात पोहोचल्यावर औषध पोटात जाते. रात्र सरत जाते. घाम सुकतो, नाडी ठिकाणावर येऊ लागते, तळहातांत हळूहळू ऊब येते. पहाटेच्या सुमारास, इतका वेळ निमूट पडलेला तो मुलगा चुळबूळ करू लागतो, पाय आखडून घेतो आणि नांगी लागली होती त्या जागेवर हात ठेवून मोठ्याने रडू लागतो. आई घाबरून डॉक्टरांना हाक मारते. डॉक्टर येतात, पाय कोठे दुखतो ते विचारतात, हात चाचपून पाहतात आणि हसतात. कारण वादळ ओसरले म्हणजेच त्या जागेची वेदना परत येते.